ताळा

आप्पा प्रेसमध्ये होते, नाशिकरोडला.
तपासणी विभाग. दिवसभर ट्यूबच्या उजेडाखाली
करकरीत ताव उलटायचे आणि खोट शोधायची:
पुसट आकडा, घसरलेली रेघ, शाईचा एक जास्तीचा ठिपका.
बहुतेक दिवशी काहीच सापडायचं नाही.
घरी येऊन चपला काढताना सांगायचे, समाधानानं,
"आज काही नाही."

कॉम्प्युटर त्यांनीच आणला, माझ्या बारावीसाठी,
सोसायटीचं कर्ज काढून,
आणि आठवड्याभरात रात्रीपुरता
परग्रहावरच्यांना देऊन टाकला.

म्हणजे असं, की
पार तिकडे प्वेर्तो रिकोत, डोंगराच्या खळग्यात
गावजेवणाची वाटावी अशी एक थाळी होती,
आभाळाकडे तोंड करून.
तिच्यात पडलेल्या आवाजाचे तुकडे करायचे
आणि जगभर घरोघर वाटायचे,
लग्नघरचे तांदूळ आळीत वाटतात निवडायला, तसे.
आमच्या सुपात यायचं एका वेळी
एकशे सात सेकंदांचं आकाश.
ते निवडायला मशीनला लागायचा दीड दिवस,
लाईट असली तर.

लाईट नसायची.
गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसायच्या धूर सोडताना.
वीज आमच्या डोळ्यांदेखत तयार व्हायची
आणि दुसरीकडे जायची.
यूपीएस किंचाळायचा. आप्पा ठेचकाळत यायचे,
माझ्या उशाशी वाकून मशीन नीट बंद करायचे.
"झोप तू. कुठवर आलं होतं ते
त्याच्या लक्षात राहतं."

गांगुर्डेकाका विचारायचे, "पगार, ह्या कामाला पगार किती?"
आमचं आडनाव पगार. हा विनोद सहा वर्षं चालला.
आईनं विजेची बिलं तेवढी जपून ठेवली, तारेला टोचून,
कुणी वरून आलंच तर दाखवायला.

मग ती रात्र.
पाळी सुटताना एक ताव कमी भरला.
मोजणी जुळल्याशिवाय गेट उघडत नाही,
साहेब असो की झाडूवाला.
भोंगा झाला, आप्पा आले नाहीत.
आई दारात. मी खुर्चीत.
पडद्यावर रंगीत सुळके उगवत होते, मोडत होते,
तांबडे, पिवळे, मध्येच एखादा निळा.
पहिल्यांदाच मी ते नीट पाहिले,
दुसरं काही पाहायला नव्हतं म्हणून.
अडीचच्या सुमारास एक बराच उंच गेला.
मी उठून उभी राहिले.
कुणाला सांगणार?
मग तोही बसला, बाकीच्यांत मिसळला.

आप्पा पहाटे आले.
ताव कुठंच गेला नव्हता.
दुसऱ्या तावाच्या पाठीला चिकटून बसला होता,
ओल्या शाईनं, सहा जणांच्या बोटांखालून
तीनदा निसटलेला.
"होताच," एवढंच म्हणाले, आणि चहा न घेता झोपले.

सुळक्याचं मी दुपारी सांगितलं.
त्यांनी हसण्यावारी नेलं नाही.
"परत आला का?"
नाही.
"मग लिहायचं नाही."
भाताचा घास तसाच हातात.
"पण विसरायचंही नाही."

दोन हजार वीसच्या मार्चात तिकडून काम येणं थांबलं.
पुष्कळ निवडून झालंय, आता आम्ही पाहतो,
अशा अर्थाचं काहीतरी.
डिसेंबरात दोर तुटले
आणि वरचा सांगाडा थाळीवर कोसळला.
आप्पांनी बातमी दोनदा वाचली
आणि पेपर रद्दीत न टाकता उशीखाली ठेवला.

जुना डबा भंगारवाला किलोवर मागत होता.
"थांब जरा," म्हणत ते आत गेले, वही घेऊन आले.
प्रेसमधल्यासारखेच रकाने, पट्टीनं आखलेले:
तपासलेले, दोन हजार सहाशे अकरा.
सदोष, शून्य.
बाकी

आणि बाकीपुढे पेन टेकवल्याचा
शाईचा एक ठिपका.